पानावरची जागा कुणाला विकायची?

२०१८ साली वेबसाइटमालकांना जाहिराती पुरवणाऱ्या गूगलच्या अ‍ॅडसेन्सने मराठीला आपल्या मान्य भाषांच्या यादीत घेतले. हिंदीचा समावेश त्याआधी, २०१४ च्या अखेरीस झाला होता. तोवर मराठीत लिहिणाऱ्याने स्वतःची वेबसाइट उभी केली, तरी तिच्यावर जाहिराती लावून चार पैसे मिळवण्याची सरळ वाट त्याला नव्हती. वाट मोकळी झाली आणि पाककृती, स्पर्धा परीक्षा, शेती, आरोग्य, गडकिल्ले, तालुक्याच्या बातम्या अशा नाना विषयांवरच्या मराठी वेबसाइट्सना कमाईची आशा वाटू लागली. त्यातल्या ज्या पुढे थंडावतात, त्यांच्याबद्दल एक वाक्य हमखास ऐकू येते: मराठीत पैसा नाही. हे अर्धेच खरे आहे. मराठी पानांना मिळणारा दर इंग्रजी पानांच्या मानाने कमी असतो, यात वाद नाही. पण त्या कमी दरातही जे मिळू शकते ते बरेच मालक स्वतःच्या हाताने घालवतात, कारण उत्पन्न वाढवायचे म्हणजे जाहिराती वाढवायच्या, ही समजूत त्यांच्या मनात पक्की बसलेली असते. माझे म्हणणे नेमके उलटे आहे. छोट्या वेबसाइटने पानावरच्या जाहिराती कमी कराव्यात, उरलेल्या जागेचे मोल वाढवावे आणि त्यातली निदान एक जागा यंत्राच्या स्वाधीन न करता स्वतः विकावी.

हे पटायला पान उघडताना पडद्यामागे काय घडते ते पाहावे लागेल. वाचकाने मोबाइलवर एखाद्या लेखाला बोट लावले की पान दिसू लागेपर्यंतच्या क्षणभरात जाहिरातीच्या चौकटीसाठी लिलाव होतो. बोली लावणारी यंत्रेच असतात. वाचक साधारण कुठल्या भागातला आहे, कुठला फोन वापरतो, पान कशाबद्दल आहे, पूर्वी त्याने कशात रस दाखवला होता, अशा खुणांवरून ती बोलीचा आकडा ठरवतात आणि वरचढ बोलीची जाहिरात पानावर उमटते. जाहिरातदाराने मोजलेल्या पैशांतले किती मालकापर्यंत येतात? अ‍ॅडसेन्सने लेखांच्या पानांसाठी ६८ टक्के वाटा अनेक वर्षे ठेवला होता. २०२४ च्या सुरुवातीला मांडणी बदलली. मोबदला क्लिकऐवजी जाहिरात दिसण्यावर मिळू लागला आणि वाटणीचे दोन टप्पे झाले. जाहिरातदार गूगल अ‍ॅड्समधून खरेदी करत असेल, तर त्याच्या १०० रुपयांतले सरासरी १५ तिथेच राहतात आणि उरलेल्या ८५ पैकी ८० टक्के मालकाला मिळतात, म्हणजे पुन्हा ६८. जाहिरात दुसऱ्या एखाद्या खरेदीयंत्रणेतून आली, तर तिथली कपात वेगळी. आणि मधली साखळी लांबली की हिशेब किती धूसर होतो, हे ब्रिटनमधल्या जाहिरातदारांच्या 'इस्बा' या संघटनेने पीडब्ल्यूसी या लेखापरीक्षण कंपनीकडून करवून घेतलेल्या २०२० च्या पाहणीत दिसले. मोठे जाहिरातदार आणि नामांकित प्रकाशने यांच्यातला पैसा तपासला, तेव्हा प्रकाशनांपर्यंत निम्माच, ५१ टक्के, पोहोचत होता. तब्बल १५ टक्के रक्कम कुणाच्या खिशात गेली याचा मागच लागला नाही. पुढच्या सगळ्या विवेचनात हे आकडे ध्यानात ठेवण्याजोगे आहेत, कारण स्वतः विकलेल्या जागेत ही गळती नसते.

आता मालकाच्या बाजूचा हिशेब. हजार पाने वाचली गेल्यावर किती पैसे मिळाले, या आकड्याला या व्यवसायात आरपीएम म्हणतात. समजा एका वेबसाइटची महिन्याला ५०,००० पाने वाचली जातात आणि आरपीएम ४० रुपये आहे. महिन्याचे झाले २,००० रुपये. हे पाहून मालक पहिला विचार करतो तो असा, की पानावर तीन चौकटी आहेत त्या सहा केल्या तर ४,००० होतील. होत नाहीत. चौकट पानावर असणे आणि ती वाचकाला दिसणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जाहिरात 'दिसली' असे धरायला तिचा निम्मा भाग निदान एक सेकंद पडद्यावर राहायला हवा, असा या व्यवसायाचा मान्य निकष आहे. लेखाच्या तळाशी लावलेल्या पाचव्या-सहाव्या चौकटीपर्यंत वाचक पोहोचतच नाही. जी चौकट वारंवार न दिसता राहते तिच्यावर बोलीही पडत्या भावाने लागते. शिवाय वाचक तोच असतो. त्याची नजर सहा ठिकाणी वाटली गेली, तर प्रत्येक जागेची किंमत उतरते. १९९४ च्या ऑक्टोबरात 'हॉटवायर्ड' या वेबसाइटवर झळकलेल्या पहिल्यावहिल्या बॅनरवर दर शंभर वाचकांतल्या ४४ जणांनी क्लिक केले होते, असे सांगतात. चारच वर्षांत, १९९८ मध्ये, अमेरिकेतल्या राइस विद्यापीठातल्या संशोधकांना असे आढळले, की पानावरचे जाहिरातीसारखे दिसणारे काहीही लोकांची नजर आपोआप ओलांडून जाते. माणसाच्या डोळ्यांनी ही सवय इतक्या लवकर लावून घेतली. पानावर गर्दी जितकी अधिक, तितकी ही सवय पक्की होते.

गर्दीची शिक्षा फक्त वाचकच करतो असे नाही. 'कोअलिशन फॉर बेटर अ‍ॅड्स' या उद्योगगटाने लोकांना कुठल्या जाहिराती सर्वाधिक त्रासदायक वाटतात याची पाहणी करून निकष ठरवले. मजकुरावर उडी मारणारी खिडकी, आपोआप आवाजासह सुरू होणारा व्हिडिओ आणि मोबाइलवर मजकुराच्या उंचीच्या ३० टक्क्यांहून अधिक जागा अडवणाऱ्या जाहिराती, हे त्यातले ठळक दोष. क्रोम ब्राउझरने २०१८ पासून अमेरिका-युरोपात आणि २०१९ च्या जुलैपासून जगभर हे निकष लावले. वारंवार निकष मोडणाऱ्या वेबसाइटवरच्या सगळ्याच जाहिराती क्रोम गाळू शकतो. शोधात वर येण्यासाठी गूगल पानाचा जो अनुभव मोजते, त्यातही पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा आणि वाचताना मजकूर खालीवर सरकू नये अशा अपेक्षा आहेत. उशिरा उमटणारी जाहिरात वरच्या बाजूला जागा करून घेते, वाचता वाचता ओळ बोटाखालून निसटते आणि भलत्याच ठिकाणी स्पर्श होतो. मराठी बातम्यांची पाने वाचणाऱ्या कुणालाही हा मनस्ताप परिचयाचा आहे. आणि मुख्य म्हणजे पैसे देणारे जाहिरातदारच आता गर्दीच्या पानांपासून दूर सरकू लागले आहेत. अमेरिकेतल्या राष्ट्रीय जाहिरातदार संघटनेने २०२३ मध्ये केलेल्या अभ्यासात, केवळ जाहिराती दाखवण्यासाठी काढलेल्या वेबसाइट्सवर तपासलेल्या जाहिरातींपैकी २१ टक्के आणि खर्चापैकी १५ टक्के वाया जात असल्याचे आढळले. त्यानंतर अशा पानांना वगळणाऱ्या याद्या अनेक मोठ्या खरेदीदारांनी वापरायला घेतल्या. प्रामाणिकपणे लिहिणारा एखादा छोटा मालक हावेपोटी पानभर चौकटी लावतो, तेव्हा यंत्राच्या डोळ्यांना त्याचे पान त्या वगळलेल्या जातीतले दिसू लागते.

यावर एक आक्षेप लगेच येतो आणि तो रास्त आहे. मोठमोठ्या वृत्तपत्रांच्या वेबसाइट्स जाहिरातींनी खच्चून भरलेल्या असतात. त्यांचे तर काही बिघडत नाही, मग छोट्यानेच सोवळे का पाळावे? बिघडते, पण त्यांना ते सोसते. मोठ्या वृत्तपत्राचा वाचक नावाने येतो. कितीही त्रास झाला तरी बातमीसाठी तो उद्या पुन्हा तेच पान उघडतो. छोट्या वेबसाइटवर वाचक बहुधा शोधातून किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या दुव्यावरून पहिल्यांदाच आलेला असतो. त्याला पुन्हा यावेसे वाटेल की नाही, हे त्या पहिल्या अर्ध्या मिनिटात ठरते. त्याने पान न वाचताच मागे जाऊन दुसरा दुवा उघडला, तर त्या एका भेटीचे फार तर काही पैसे मिळाले आणि परतून येऊ शकणारा वाचक गेला. महिन्याच्या अहवालात पहिली गोष्ट उत्पन्न म्हणून दिसते. दुसरी कुठेच दिसत नाही, म्हणून ती खर्ची पडते आहे हे लक्षात येत नाही.

मग पानावर काय ठेवावे? मध्यम लांबीच्या लेखाला मोबाइलवर दोन किंवा तीन चौकटी पुरे आहेत. एक पहिल्या दोन-तीन परिच्छेदांनंतर, एक मध्याच्या पुढे आणि लेख लांब असेल तर एक शेवटी. शीर्षकाच्या वर जाहिरात नसावी. वाचक जे वाचायला आला ते त्याला आधी दिसू द्यावे. चौकटीची उंची पानाच्या मांडणीत आधीच राखून ठेवली, की मजकूर सरकत नाही. खालच्या चौकटी वाचक तिथवर आला तरच भरतील अशी सोय करावी, त्याने पानही लवकर उघडते. जागा आपोआप ठरवून जाहिराती लावणारी गूगलची 'ऑटो अ‍ॅड्स' ही सोय चालू करून विसरून जाणे हा आळस महागात पडतो. ती वापरायची तर जाहिरातींची संख्या खाली आणावी आणि पडदाभर पसरणाऱ्या जाहिराती बंद कराव्यात. कोणताही बदल एका वेळी एकच करून निदान तीन-चार आठवडे पाहावा, कारण सणासुदीला दर चढतात आणि जानेवारीत उतरतात. दोन आठवड्यांच्या आकड्यांवरून निघालेला निष्कर्ष हा बहुधा कॅलेंडरचा निष्कर्ष असतो. वेबसाइटच्या मुळाशी 'अ‍ॅड्स डॉट टीएक्सटी' नावाची छोटी फाइल ठेवावी. तिच्यात आपल्या पानावरची जागा विकायचा अधिकार कुणाला दिला आहे ते लिहिलेले असते. २०१७ मध्ये 'फायनान्शियल टाइम्स'च्या नावाने भामट्यांनी खोट्या जागा विकल्याचे उघड झाले, ते ही पद्धत सुरू झाली त्याच वर्षी. फाइल नसली, तर सावध खरेदीदार बोलीच लावत नाहीत. जाहिरातींचे काही प्रकार रोखण्याचा अधिकारही मालकाला असतो. ज्योतिष आणि तंत्रमंत्र, झटपट श्रीमंती, वजन उतरवण्याचे उपाय असे वर्ग अ‍ॅडसेन्समध्ये बंद करता येतात. मधुमेहावरच्या गंभीर लेखाखाली जादूच्या चूर्णाची जाहिरात दिसली, तर वाचकाचा लेखावरचाही विश्वास उडतो. बंद केलेल्या वर्गामुळे थोडी घट येईल ती सोसावी.

एका बाबतीत मात्र जरा थांबून सांगायला हवे, कारण त्यात खाते कायमचे जाते. स्वतःच्या पानावरच्या जाहिरातीवर स्वतः क्लिक करणे, घरच्यांना करायला सांगणे, 'आमच्या जाहिरातींवर क्लिक करून मदत करा' असे लिहिणे, एकमेकांच्या पानांवर क्लिक करण्यासाठी गट करणे, स्वस्तात भेटी विकत घेणे, हे सारे नियमबाह्य आहे. मदत म्हणून केलेले असले तरी ती जाहिरातदाराची फसवणूक आहे, कारण पैसे त्याचे जातात. यंत्रणा अशा क्लिकचे पैसे वळते करते आणि प्रमाण वाढले, तर खाते बंद होते. बंद झालेले खाते परत मिळणे फार अवघड असते, आणि त्याच माणसाला दुसरे खाते उघडता येत नाही. कधीकधी मालकाचा काही दोष नसताना कुणी खोडसाळपणे क्लिकचा पाऊस पाडतो. अशा वेळी गप्प बसू नये. भेटींचा अहवाल पाहून असाधारण उडी दिसली, की त्या पानावरच्या जाहिराती थोडे दिवस काढाव्यात आणि गूगलच्या ठरलेल्या अर्जातून आपणहून कळवावे. ज्याचे सगळे उत्पन्न एका खात्यावर उभे आहे त्याच्यावर हे संकट सगळ्यात जास्त कोसळते. २०२५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनियातील संघीय न्यायालयाने, वेबसाइट्सच्या जागा विकणाऱ्या बाजारात गूगलने बेकायदा मक्तेदारी राखल्याचा निकाल दिला. त्या खटल्याचे पुढे काय व्हायचे ते होवो. एकाच गिऱ्हाइकावर दुकान चालवू नये, हे व्यापाऱ्याला कोर्टाने सांगावे लागत नाही.

दुसरे गिऱ्हाईक शोधायला मराठी माणसाला लांब जायची गरज नाही. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन'ने १९०९ मध्ये दिवाळी अंक काढला तेव्हापासून आजतागायत, मराठीतला हा सबंध वार्षिक उद्योग संपादकांनी दारोदार हिंडून मिळवलेल्या जाहिरातींवर उभा आहे. सहकारी बँक, सराफी पेढी, प्रकाशक, बांधकाम व्यावसायिक, साखर कारखाना. यांतल्या कुणीही क्लिक मोजून पैसे दिले नाहीत. हा अंक कुणाच्या घरात जातो आणि तिथे त्याला काय मान आहे, याचे ते पैसे असतात. छोटी वेबसाइट हेच विकू शकते. द्राक्षशेतीवरच्या एका वेबसाइटची कल्पना करू. महिन्याला ३०,००० पाने वाचली जातात. चाळीसच्या आरपीएमने तिला १,२०० रुपये मिळतील. लिलावातल्या यंत्राला हा वाचक म्हणजे नाशिक किंवा सांगली जिल्ह्यातला एक मराठी फोनधारक, त्याला कदाचित मोबाइल रिचार्जची जाहिरात दिसेल. पण ठिबकच्या वितरकाच्या, रोपवाटिकेच्या, पॅकिंगचे खोके बनवणाऱ्याच्या किंवा शीतगृहवाल्याच्या दृष्टीने पाहा. एप्रिलच्या खरड छाटणीत आणि ऑक्टोबरच्या फळछाटणीत हे पान उघडणारा जवळजवळ प्रत्येक जण त्याचे संभाव्य गिऱ्हाईक आहे. एका एकराच्या ठिबकाची विक्री म्हणजे हजारो रुपयांचा सौदा. वर्षभरात असे काही सौदे पानावरून मिळाले, तर महिन्याला ३,००० रुपये देणे त्याला परवडते. एका चौकटीचे ३,००० आणि बाकीच्या पानाचे यंत्राकडून येणारे काहीशे रुपये, असे उत्पन्न धरले, तर तेच वाचक, तेच लेख, आणि कमाई जवळपास तिप्पट. हे आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत. विषयागणिक ते बदलतील, पण त्यांच्यातला फरक कुठून येतो ते बदलणार नाही.

'मी लिहिणारा माणूस, मला विकता येत नाही,' हा यावरचा सर्वात प्रामाणिक आक्षेप. तो मी हलक्याने घेत नाही. नकार ऐकत फिरणे कुणालाच आवडत नाही. पण विकायच्या आहेत शंभर जागा नव्हेत, एक किंवा दोन. त्यासाठी एक पानी माहितीपत्रक पुरते: वेबसाइट कुणासाठी आहे, महिन्याला किती वाचक येतात, ते कुठल्या जिल्ह्यांतले आहेत, सर्वाधिक वाचले जाणारे पाच लेख कोणते, जाहिरात कुठे आणि किती मोठी दिसेल, तीन महिन्यांचा दर काय. दर ठरवताना त्या चौकटीतून यंत्राने गेल्या तीन महिन्यांत काय दिले तो आकडा तळ मानावा आणि सुरुवातीला त्याच्या तिप्पट मागावे, असे मला वाटते. वाचकसंख्या फुगवून सांगू नये. अहवालाचे चित्र तसेच्या तसे दाखवावे. दुसरा आक्षेप असा, की वाचकाच्या मागावर राहणाऱ्या जाहिरातींपुढे नुसती विषयाला धरून लावलेली जाहिरात टिकेल का? नेदरलँड्सच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेसाठी जाहिराती विकणाऱ्या 'स्टर'ने २०२० च्या सुरुवातीला वाचकांचा माग काढणाऱ्या कुकीज टाकून दिल्या आणि केवळ मजकुराच्या विषयानुसार जाहिराती विकायला घेतल्या. आदल्या वर्षाच्या मानाने तिचे उत्पन्न जानेवारीत ६२ टक्क्यांनी आणि फेब्रुवारीत ७९ टक्क्यांनी वाढले. स्टर मोठी संस्था आहे, तिच्याकडे विक्रीची माणसे होती, त्यामुळे तेवढीच वाढ प्रत्येकाला मिळेल असे कुणी समजू नये. पण माग काढण्याबरोबर त्यासाठीचे मधले दलालही गळाले की जागेच्या मालकाच्या हाती अधिक पैसा राहतो, हे त्यातून दिसते, आणि ते लहान जागेलाही लागू आहे.

स्वतः जाहिरात घेतली, की जबाबदारीही स्वतःची होते. पैसे घेऊन छापलेल्या लेखावर 'जाहिरात' असे ठळक लिहावे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये काढलेली मार्गदर्शक तत्त्वे आणि जाहिरात मानक परिषदेचे नियम हेच सांगतात. जाहिरातदाराकडे जाणाऱ्या दुव्याला 'स्पॉन्सर्ड' अशी खूण लावावी. गूगलने ती २०१९ मध्ये आणली आणि ती न लावता विकलेले दुवे शोधातले स्थान घालवतात. 'आमचा एक लेख छापा, त्यात दोन दुवे ठेवा, चांगले पैसे देतो' असे पत्र प्रत्येक वेबसाइटला येते. त्यामागे पुष्कळदा सट्ट्याची किंवा पैसे लावून खेळायच्या खेळांची वेबसाइट असते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये झालेल्या ऑनलाइन खेळांच्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या खेळांच्या जाहिरातीला दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली आहे. असल्या पत्राला उत्तरही देऊ नये.

पैशाच्या व्यवहारातली थोडी माहिती. अ‍ॅडसेन्समध्ये दहा डॉलर जमले, की पत्ता पडताळण्यासाठी टपालाने एक पिन येतो. खात्यावरचा पत्ता आणि टपालाचा पत्ता जुळत नसेल, तर इथेच महिने जातात. शंभर डॉलर झाल्यावर पुढच्या महिन्याच्या २१ ते २६ तारखेच्या सुमारास रक्कम निघते. खात्यावरचे नाव आणि बँकेतले नाव एकच असावे. ही रक्कम परदेशातून, सिंगापूरच्या कंपनीकडून येत असल्याने बँकेकडून मिळणारे परकीय पैसे आल्याचे कागद जपून ठेवावेत. हे उत्पन्न प्राप्तिकराच्या विवरणपत्रात दाखवायचे असते. सेवांची वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली, तर जीएसटीची नोंदणी करावी लागते, आणि तिथवर पोहोचण्याआधीच एखाद्या सनदी लेखापालाशी एकदा बोलून घ्यावे. स्थानिक जाहिरातदाराला पावती किंवा बिल द्यावे. त्याने टीडीएस कापला असेल, तर तो विवरणपत्र भरताना आपल्या कराच्या हिशेबात धरता येतो, हे पुष्कळांना माहीत नसते.

सगळ्यात कठीण आक्षेप शेवटी घेतो. गूगलने शोधाच्या वरच यंत्राने लिहिलेली उत्तरे द्यायला अमेरिकेत २०२४ च्या मे महिन्यात आणि भारतात त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुरुवात केली. उत्तर तिथेच मिळाले, तर वाचक पानावर येईल कशाला? आणि वाचकच आला नाही, तर जागा कमी लावली काय नि जास्त लावली काय? भीती खरी आहे. 'पुरणपोळीला किती डाळ लागते', 'रायगडाची उंची किती' अशा एका ओळीच्या उत्तरांवर जगणारी पाने यात भरडली जाणार आणि कुठलीही जाहिरातयोजना त्यांना तारणार नाही. पण या भीतीतून माझ्या म्हणण्याला बाध येत नाही, उलट ते अधिक निकडीचे होते. यंत्राच्या लिलावात पैसा भेटींच्या संख्येवर मिळतो. संख्या निम्मी झाली की तो निम्मा होतो. द्राक्षाच्या वेबसाइटवर या आठवड्यातल्या ढगाळ हवेत बागेत काय करावे हे वाचायला येणारा बागायतदार मात्र शोधातून न येता सरळ येऊ शकतो, व्हॉट्सअ‍ॅप चॅनेलवरून येऊ शकतो, आठवड्याच्या ईमेलमधून येऊ शकतो. अशा वाचकांची संख्या पाच हजार असली तरी ठिबकचा वितरक त्यांच्यासाठीच पैसे देतो. शोधातून चुकून आलेल्या पंचवीस हजारांचे त्याला काही नसते. म्हणून लेखाच्या शेवटची चौकट जाहिरातीला देण्याऐवजी 'पुढचा लेख थेट मिळवा' या नोंदणीला द्यावी, असे मी सुचवेन. आजच्या दराने ती चौकट महिन्याला शंभर-दोनशे रुपये देत असेल. तिच्यातून महिन्याला पन्नास कायमचे वाचक जोडले गेले, तर वर्षाअखेरीस जाहिरातदारापुढे ठेवायला सहाशे माणसांची यादी तयार होते, आणि ती कुठल्याही शोधयंत्राच्या मर्जीवर नसते. ती यादी वाचकांच्या संमतीनेच करावी आणि जाहिरातदाराच्या हाती कधीही देऊ नये. त्याचा निरोप आपण आपल्या पत्रातून पोहोचवावा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही संमतीची अट आहे, आणि कायदा नसता तरी ज्याने विश्वासाने नंबर दिला त्याचा नंबर विकणे हा विश्वासघातच.

वेळेबद्दल एवढेच. दिवाळी अंकांच्या जाहिरातींची जमवाजमव पावसाळ्यातच सुरू होते आणि दुकानदाराचे सणाचे पैसे तेव्हाच वाटले जातात. दिवाळीच्या आठवड्यात माहितीपत्रक घेऊन गेलेल्याला तो पुढच्या वर्षी या म्हणतो. पहिला फोन गणपतीच्या आधी गेलेला बरा, आणि त्या फोनआधी जुलै महिन्याचा वाचकांचा अहवाल काढून ठेवलेला असावा.